बरगड्यांचा अस्थिभंग व वेदनाशमन

छातीच्या पिंजऱ्यातील एक वा अधिक बरगड्या (फासळ्या) मोडणे यास बरगड्यांचा अस्थिभंग म्हणतात. वाहनांचे अपघात, उंचावरून पडणे व छातीवर होणारे बोथट आघात ही त्याची नेहमीची कारणे होत. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांत नुसते घसरून पडणे, क्वचित जोराचा खोकलाही त्यास पुरेसा होतो. बरगड्यांच्या १२ जोड्यांपैकी चौथी ते नववी या मधल्या बरगड्या अधिक मोडतात. साध्या क्ष-किरण चित्रात मोडलेली बरगडी पुष्कळदा दिसत नाही. त्यामुळे चित्र निर्दोष असले, तरी रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही. इतर इजा नसल्यास मोडलेली बरगडी सुमारे ६ आठवड्यांत आपोआप सांधते. म्हणून येथे उपचाराचा प्रमुख विषय हाड नसून वेदना हा असतो [⟶ अस्थिभंग].

हात किंवा पाय मोडल्यास तो प्लॅस्टरमध्ये निश्चल ठेवता येतो. बरगडीस अशी विश्रांती देता येत नाही, कारण प्रत्येक श्वासाबरोबर ती हलतेच. मिनिटास १५ श्वास धरल्यास अहोरात्रात २१,६०० वेळा ही हालचाल होते (योगग्रंथांत सांगितलेली श्वाससंख्याही हीच आहे). हाडावरील आवरणात (पर्यस्थिकलेत) वेदनावाहक तंतू विपुल असतात. शिवाय बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीतूनच त्या भागाची तंत्रिका (मज्जातंतू) जाते. परिणामी रुग्ण नकळत उथळ श्वास घेऊ लागतो आणि खोकला दाबून धरतो. फुप्फुसांच्या तळाशी हवा पोहोचत नाही, तेथील वायुकोश मिटतात, कफ साचतो व त्यात जंतूंची वाढ होऊन न्यूमोनिया होतो. अमेरिकेत ६५ वर्षे व त्यांवरील वयाच्या रुग्णांविषयी २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोडलेल्या प्रत्येक अधिक बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी व मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी वाढलेला आढळला. वेदना मुकाट्याने सोसणे हा सोशिकपणा खरा. पण या विकारात तो घातक ठरू शकतो.

छाती आवळून बांधण्याची रीत प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या बरगडीवर तूप चोळून पट्टबंधन करण्यास सांगितले आहे. विसाव्या शतकातही अनेक वर्षे रुग्णालयांत चिकटपट्ट्यांनी छाती बांधीत असत आणि हाडवैद्य आजही तसे करतात. बांधल्याने बरे वाटते, हे नाकारता येत नाही. परंतु ते सुख श्वास आखडून मिळालेले असते. याच कारणाने आधुनिक वैद्यकात ही पद्धत मागे पडली आहे.

वेदनाशमनाचा प्रारंभ बहुधा पॅरासिटॅमॉलने करतात. प्रौढास दिवसाकाठी ४ ग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. वजन कमी असल्यास, यकृताचा विकार किंवा मद्याचे व्यसन असल्यास मात्रा याहूनही कमी ठेवतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांत हेच औषध असते, याचे भान ठेवावे लागते. जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देता येते. मात्र जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार, हृदयविकार व काही प्रकारचा दमा यांत ही औषधे वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेणे इष्ट नव्हे. वेदना असह्य झाल्यावर गोळी घेण्यापेक्षा सुरुवातीचे काही दिवस ती ठरलेल्या वेळी घेणे अधिक परिणामकारक असते. एवढ्याने न भागल्यास ट्रॅमॅडॉल, मॉर्फीन यांसारखी औषधे अल्पकाळ देतात. त्यांनी वेदना ओसरते. पण श्वसन मंदावते, गुंगी येते आणि बद्धकोष्ठ होऊन कुंथताना छातीत कळ येते.

अनेक बरगड्या मोडलेल्या असल्यास रुग्णालयात तंत्रिकांभोवती स्थानिक बधिरक औषध टोचतात किंवा पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत बारीक नळी ठेवून ते देत राहतात (एपिड्युरल). पाठीच्या स्नायूंखाली बधिरक सोडण्याची एक सोपी पद्धत २०१६ मध्ये वर्णिली गेली व ती लवकरच रूढ झाली. लागोपाठच्या तीन वा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्यास छातीचा तेवढा भाग सुटा होऊन श्वास घेताना आत ओढला जातो. अशा वेळी धातूच्या पट्ट्या बसवून शस्त्रक्रिया करण्याचाही विचार करतात.

उपचार पुरेसे आहेत की नाहीत, हे रुग्ण स्वस्थ पडला असताना कळत नाही. त्यास खोल श्वास घेता येतो काय व खोकून कफ काढता येतो काय, हीच खरी कसोटी होय. म्हणून औषधाचा अंमल चढला असताना दर तासास काही खोल श्वास घ्यावयास लावतात. तीन गोळ्यांचे श्वसनाचे उपकरणही याकामी वापरतात. खोकताना दुखऱ्या भागावर उशी घट्ट धरल्यास कळ कमी होते. पहिले एकदोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावतात. पाठीशी उशा देऊन अर्धवट बसून झोपणे अनेकांना मानवते. दिवसभर अंथरुणास खिळून राहण्यापेक्षा घरातल्या घरात हिंडणे हितकर असते. धूम्रपान मात्र पूर्ण वर्ज्य करावे लागते.

ताप, वाढती धाप, पिवळा-हिरवा अथवा रक्तमिश्रित कफ ही लक्षणे दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते. खालच्या बरगड्या मोडल्यास यकृत, प्लीहा व मूत्रपिंड यांना इजा झालेली असू शकते. पोटदुखी, घेरी किंवा डाव्या खांद्यात कळ येणे ही त्याची सूचक लक्षणे होत. एरवी वेदना पहिले एकदोन आठवडे तीव्र असते व पुढे हळूहळू ओसरते. काही रुग्णांत मात्र हाड सांधल्यावरही, तीन महिन्यांनंतरसुद्धा, ती रेंगाळते. तंत्रिकेस इजा झाली असल्यास तिचे स्वरूप जळजळीचे असते आणि तिच्यावर निराळी औषधे योजावी लागतात.