असं का होतं? : अंधारात बोलणाऱ्या पेशी

लोणंदच्या कांदा बाजारात भर उन्हातून आडत्याच्या गाळ्यात शिरलं, की क्षणभर काहीच दिसत नाही. मग पोत्यांच्या कडा उमटतात, हळूहळू तोंडाची सुतळीची शिवणही दिसू लागते.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रंग टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकुपेशी आणि मंद उजेडात कामी येणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात. उन्हात दंडपेशींतलं रंगद्रव्य विटतं. ते पुरतं भरून यायला अर्धा तास लागतो.

मला सर्वांत नवल वाटतं ते पुढचं. या दोन्ही प्रकारच्या पेशी अंधारात ग्लुटामेट हे रसायन सतत सोडत राहतात आणि उजेड पडला की हात आखडतात! रात्रभर घरघरणारी विहिरीवरची मोटर थांबली, की झोपेतही कळतं ना, तसंच. पुढच्या द्विध्रुवी पेशींपैकी काहींना ग्लुटामेट चेतवतं, काहींना गप्प बसवतं. रसायन एकच, पण ते झेलणारे ग्राही वेगळे. म्हणून ‘उजेड वाढला’ आणि ‘उजेड घटला’ या दोन बातम्या वेगवेगळ्या वाटांनी निघतात.

मधल्या आडव्या पेशी शेजारच्यांचा आवाज दाबतात, त्यामुळे पोत्याची कड भिंतीपासून सुटी दिसते. शेवटी सुमारे १० लाख गुच्छिका पेशींचे तंतू हे सगळं मेंदूकडे नेतात.