वादळात होडीला वेसण

कवठे महांकाळहून समुद्र फार लांब. आपल्या अग्रणी नदीत शिडाची होडी काही चालत नाही. तरीपण वादळात होडी कशी सांभाळतात, हे आपल्याला चटकन समजेल. कारण घाटातली बैलगाडी आणि विहिरीवरची मोट आपल्या माहितीची आहे.

भरलेली गाडी घाट उतरू लागली की बैलांच्या अंगावर येते. पूर्वी गाडीवान काय करीत? गाडीच्या मागे लाकडाचा ओंडका बांधीत. ओंडका जमिनीवरून फरफटत येई. त्याच्या ओढीने गाडी दमानं उतरे.

समुद्रातही असेच उतार असतात. मोठ्या वादळात लाटा घराएवढ्या उंच होतात. वाऱ्याने रेटलेली होडी लाटेच्या उतारावरून सुसाट सुटते. खाली आली की तिचं तोंड पाण्यात रुतते. मागचा भाग गर्रकन फिरतो. होडी लाटेला आडवी होते. खरा धोका इथेच आहे. आडव्या होडीवर पुढची लाट फुटली, तर होडी उलटते. डोलकाठी मोडते. माणसांचे प्राण जातात.

मग शिडे उतरवून का ठेवीत नाहीत? ती उतरवतातच. पण वारा नुसत्या होडीलाही ढकलत नेतो. नांगर टाकावा, तर भर समुद्रात तो तळाला पोचत नाही. म्हणून पाण्याचाच आधार घ्यावा लागतो.

यासाठी जाड कापडाची पिशवी असते. तिचा घाट आपल्या सोंडेच्या मोटेसारखा. एक तोंड रुंद, दुसरे अरुंद. लांब दोर बांधून ती होडीच्या मागे पाण्यात सोडतात. रुंद तोंडातून पाणी भरपूर शिरते, पण अरुंद तोंडातून थोडे थोडेच बाहेर पडते. त्यामुळे पिशवी होडीला मागे ओढून धरते. होडी पुढे जाते, पण सावकाश आणि सरळ. तिची पाठ लाटेकडेच राहते.

दुसरी एक तऱ्हा आहे. छत्रीसारखे मोठे कापड होडीच्या पुढच्या टोकाला बांधून सोडतात. मग होडी लाटेकडे तोंड करून जवळजवळ जागच्या जागी राहते.

पिशवी नसली तर नुसता दोरही उपयोगी पडतो. ‘सुहेली’ नावाची ३२ फुटी होडी आपल्या मुंबईत सागवानी लाकडाची बांधली होती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी १४ जून १९६८ रोजी तिच्यातून एकटाच निघाला. कुठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीला वळसा घालून तो २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. असा प्रवास करणारा तो पहिलाच. दक्षिणेच्या समुद्रात एका लाटेने सुहेलीला आडवे पाडले होते. तिथल्या वादळांत तो एक लांबलचक दोर, दोन्ही टोके होडीला बांधून, मागे पाण्यात सोडी. त्या दोराच्या ओढीने होडी सरळ राही.

ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत वादळ झाले. १५ शर्यतवाले दगावले. पुढे डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकी इंजिनिअरने नवी युक्ती काढली. एका मोठ्या पिशवीऐवजी शंभराहून जास्त लहान पिशव्या त्याने एकाच दोराला ओळीने लावल्या. टोकाला वजन बांधले. त्यातल्या काही लाटेत सैल पडल्या, तरी बाकीच्या धरून ठेवतात.

हे साधन वापरताना खलाशी काही गोष्टी जपतात, बरं का. दोर होडीच्या काठावर घासून तुटतो, म्हणून तिथे जाड कापड गुंडाळतात. दोर बांधायची जागा भक्कम ठेवतात. दोर सोडताना त्याच्या वेटोळ्यात पाय अडकू देत नाहीत. आणि मुख्य म्हणजे वादळ ऐन भरात येण्याआधीच दोर सोडतात. गाडी उधळल्यावर ओंडका बांधता येत नाही. तो घाटाच्या माथ्यावरच बांधावा लागतो.