कॉर्क ते कार : हिरोशिमाची माझ्दा

१९२० साली हिरोशिमात कॉर्कच्या वस्तू बनवणारा कारखाना निघाला. १९३१मध्ये तिथूनच तीनचाकी मालवाहू गाडी बाहेर पडली. ६ ऑगस्ट १९४५ला अणुबॉम्ब पडला, तेव्हा मधल्या हिजियामा टेकडीचा कारखान्याला आडोसा झाला. त्याच डिसेंबरात तीनचाकींचं काम पुन्हा सुरू झालं. मला हे विक्रीच्या कुठल्याही आकड्याहून मोठं वाटतं.

माझ्दाच्या १९८९च्या दोन आसनी एमएक्स-५ गाडीने २०१६मध्ये उत्पादनाचा दहा लाखांचा टप्पा गाठला. मालक म्हणतात, गिअर मनगटाच्या हलक्या झटक्यात पडतो. सामानाला मात्र जागा तोकडी. माझ्दाच्याच रोटरी इंजिनाच्या गाड्यांचे मालक त्या इंजिनाच्या मुलायम पळण्यावर फिदा आहेत, पण ते पेट्रोल पितं आणि डिपस्टिक काढून ऑइल सारखं तपासावं लागतं.