प्रोग्रामरची सूत्रवही

गणिताची सूत्रं लिहिलेली एक छोटी वही तुमच्या दप्तरात असेलच. वर्तुळाचं क्षेत्रफळ, सरळव्याज, बेरजेचा वर्ग... परीक्षेच्या आदल्या रात्री तीच तर धावून येते! संगणकाचे प्रोग्राम लिहिणारेही अशी वही ठेवतात, बरं का. तिच्यात असतात उपयोगी कोडचे छोटे छोटे तुकडे.

ही युक्ती थेट पहिल्या संगणकांच्या काळातली आहे. १९४४ मध्ये ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाई अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क वन' या ५१ फूट लांबीच्या अवाढव्य गणकयंत्रावर काम करू लागल्या. एखादं गणित सहकाऱ्यानं आधीच सोडवलेलं असलं, की त्या त्याची वही मागून घेत आणि तेवढा तुकडा उतरवून काढत. पण उतरवताना चुका होत! इंग्रजी 'बी' हे अक्षर घाईत लिहिलं, की १३ सारखं दिसे. मग सगळंच गणित कोसळे. 'माणसापेक्षा यंत्रच बिनचूक नक्कल करील,' असा विचार हॉपरबाईंनी केला. त्यांनी तपासलेले तुकडे चुंबकीय फितीवर साठवले, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि क्रमांक सांगताच यंत्रानंच तो तुकडा आणून जोडावा, अशी सोय १९५२ च्या सुमारास केली.

इकडे इंग्लंडमध्ये केंब्रिजला 'एडसॅक' हा संगणक १९४९ मध्ये सुरू झाला. तिथं तर भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर अशा तुकड्यांचं चक्क ग्रंथालयच तयार झालं! १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही निघालं.

आता तुमच्या वहीतलं पहिलं पान आपण मिळून लिहू या. एका पेल्यात ताक आहे, दुसऱ्यात कोकम सरबत. दोन्हींची अदलाबदल करायची. कशी कराल? तिसरा रिकामा पेला लागेल ना? 'सी' भाषेत नेमकं हेच करतात. 'अ' मधली किंमत तिसऱ्या चलात ठेवायची, 'ब' मधली 'अ' मध्ये आणि तिसऱ्यातली 'ब' मध्ये. 'पायथॉन' भाषेत मात्र एकच ओळ पुरते:

अ, ब = ब, अ

गंमत म्हणजे पायथॉन ३ मध्ये चलांना अशी देवनागरी नावंही चालतात! पाहिलंत? काम एकच, पण प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी. म्हणून वहीत एका कामाला एक पान द्या आणि त्याखाली वेगवेगळ्या भाषांतले तुकडे लिहा.

पण सावधान! दिसायला सारखे तुकडे सारखेच वागतील असं नाही. समजा, दोन चाचण्यांत तुम्हाला ७ आणि ८ गुण मिळाले. सरासरीसाठी १५ ला २ ने भागायचं. पायथॉन ३ उत्तर देतं ७.५. 'सी' मध्ये दोन्ही पूर्णांक असतील, तर '/' हेच चिन्ह वापरूनही उत्तर येतं फक्त ७! तुमचा अर्धा गुण गेला की हो! म्हणून तुकड्याशेजारी भाषेचं नाव, तिची आवृत्ती आणि 'इथं सांभाळा' अशी सूचना लिहायला विसरू नका.

आणखी एक पथ्य. तपासल्याशिवाय कोणताही तुकडा वहीत घ्यायचा नाही. लीप वर्ष ओळखणारा तुकडा घ्या. 'वर्षाला ४ ने भाग गेला, की लीप वर्ष' एवढंच लिहिलंत, तर २०२३ आणि २०२४ ची उत्तरं बरोबर येतील आणि तुम्ही खूश व्हाल. पण १९०० घालून पाहा. फसलात! १०० ने भाग जाणारं वर्ष ४०० नेही भागलं जावं लागतं. म्हणून १९०० लीप वर्ष नव्हतं, २००० मात्र होतं. तेव्हा ही चारही वर्षं तुकड्याखाली लिहून ठेवा. नवीन भाषा शिकलात, की त्याच चार प्रश्नांची परीक्षा पुन्हा घ्या.

हल्ली संगणकाला विचारलं, की तयार कोड क्षणात मिळतं. मग वही कशाला? अहो, मिळालेलं बरोबर आहे की चूक, हे कोण ठरवणार? तुम्हीच ना! दुसऱ्याचा तुकडा घेतलात, तर तो कुणाचा हे प्रामाणिकपणे लिहा. वापरायला परवानगी आहे ना, तेही पाहा. आणि त्यातली प्रत्येक ओळ घरी आई-बाबांना समजावून सांगा. सांगताना अडखळलात, तर समजा, तो तुकडा अजून तुमचा झालेला नाही.

काय मग, या रविवारी घालणार ना वहीला कव्हर?