बाळंतिणीची सोबतीण

आपली लेक बजबजला नांदते आहे, असे क्षणभर समजा. कोलकात्याच्या दक्षिणेस हुगळीच्या काठी वसलेले हे गाव तागाच्या गिरण्या आणि तेलाचे साठे यांमुळे ओळखले जाते. सियालदहून निघालेली लोकल गाडी तेथवर जाते आणि तेथेच तिचा मार्ग संपतो. जावई तेलाच्या डेपोत नोकरीस आहेत. लेकीला आठवा महिना लागला आहे. पहिलटकरणीने बाळंतपणास माहेरी यावे, ही आपल्याकडील रीत. परंतु हावड्याहून महाराष्ट्रापर्यंतचा लांबचा प्रवास डॉक्टरांनी नको म्हणून सांगितला आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना सोडून आपणासही निघता येत नाही. रुग्णालयात नाव घातले आहे. डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत. तरीही रात्री आपला डोळा लागत नाही. कळा सुरू होतील तेव्हा पोरीच्या पाठीवरून हात कोण फिरवील?

हा प्रश्न केवळ आईच्या हळवेपणाचा आहे, असे कोणी म्हणेल. तसे मात्र मुळीच नाही. गेल्या अर्धशतकात वैद्यकशास्त्राने तो गांभीर्याने विचारला आहे आणि मोजूनमापून त्याचे उत्तरही दिले आहे.

सुईणीची रिकामी जागा

पूर्वी बाळंतपण घरी होई. अंधाऱ्या खोलीत सुईण असे, आई असे, एखादी अनुभवी मावशी वा शेजारीण असे. बंगालमध्येही याहून निराळे नव्हते. तेथे बाळंतिणीच्या खोलीला ‘आतुडघर’ म्हणत, आणि आपल्याकडे जशी सटवाई बाळाचे भाग्य लिहावयास येते असे मानतात, तशी तेथे सहाव्या दिवशी षष्ठीची पूजा होते. भाषा वेगळ्या, पण बाळंतिणीला एकटे सोडावयाचे नाही, हा दंडक दोन्हीकडे एकच.

त्या व्यवस्थेत दोषही मोठे होते. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने कित्येक अर्भके दगावत, आणि रक्तस्राव थांबेना म्हणजे सुईणीच्या हाती काही उपाय नसे. म्हणून बाळंतपण रुग्णालयात गेले, हे योग्यच झाले. लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे माता व नवजात शिशूंचा धनुर्वात भारतातून दूर झाल्याचे 2015 साली जाहीर झाले, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु सुईणीबरोबर आणखी एक गोष्ट उंबऱ्याबाहेर राहिली. रुग्णालयाच्या दाराशी नातलगांस थांबविण्यात आले आणि कळा देणारी स्त्री अनोळखी माणसांत एकटी पडली. परिचारिकेच्या मनात माया नसते असे नव्हे. पण एका वेळी चार खाटा सांभाळणाऱ्या बाईने एकीजवळ तासन् तास बसावे कसे?

मोजून पाहिलेली माया

या रिकाम्या जागेला पाश्चात्त्य देशांत एक नाव मिळाले आहे : ‘डूला’. मूळ शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ सेवा करणारी दासी असा होतो. मानववंशशास्त्रज्ञ डाना राफाएल यांनी 1973 साली स्तनपानावरील आपल्या ग्रंथात तो नव्या मातेस आधार देणाऱ्या स्त्रीसाठी योजिला. पुढे ग्वातेमालातील एका रुग्णालयात संशोधकांनी प्रयोग केला. काही पहिलटकरणींजवळ एक सोबतीण बसविली. ती त्यांच्या ओळखीचीही नव्हती आणि वैद्यकीय शिक्षण घेतलेलीही नव्हती. पाठ चोळावी, हात धरावा, धीर द्यावा, एवढेच तिचे काम. 1980 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गुंतागुंत न झालेल्या प्रसूतींत, सोबत नसलेल्या मातांस दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सरासरी 19.3 तास लागले. सोबत असलेल्यांस 8.8 तास. शिवाय या माता प्रसूतीनंतर बाळाशी अधिक बोलल्या, अधिक हसल्या.

तो प्रयोग लहान होता, आणि एवढा मोठा फरक सर्वत्र दिसत नाही. तथापि 2017 साली 17 देशांतील 26 प्रयोगांचा आणि 15 हजारांहून अधिक स्त्रियांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा दिशा तीच दिसली. अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या प्रसूती नैसर्गिक रीतीने होण्याचे प्रमाण वाढते, शस्त्रक्रियेचे प्रमाण घटते, कळांचा काळ काहीसा कमी होतो आणि बाळंतपणाची कटू आठवण राहण्याचा संभवही कमी होतो.

याचे कारण शोधावयास फार दूर जावयास नको. भ्यालेल्या शरीरात जी द्रव्ये स्रवतात ती कळांचा जोर मंदावू शकतात, आणि धीर मिळालेली स्त्री अंग सैल सोडते. आपल्या आज्या हे पुस्तकावाचून जाणत होत्या.

तिने काय करावे, काय करू नये

सोबतीण ही डॉक्टर नव्हे आणि सुईणही नव्हे. ती तपासणी करीत नाही, औषध देत नाही, नाळेला हात लावीत नाही. ती घोटघोट पाणी पाजते, कंबर दाबते, परवानगी असेल तर दोन पावले चालविते, कळ ओसरली की कपाळावरचा घाम टिपते. डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या शब्दांत समजावून सांगते, आणि बाळंतिणीला काय हवे ते परिचारिकेस नम्रपणे कळविते. ‘ओरडू नकोस’, ‘आम्ही नाही का सोसले?’ अशी वाक्ये मात्र तिच्या तोंडून निघता कामा नयेत. कळा देणाऱ्या स्त्रीला उपदेश नको असतो.

बाळ जन्मल्यावर तिचे काम संपत नाही. त्याचे रूप तेवढे पालटते. बाळाला पहिल्या तासात छातीशी घेणे, पिवळसर चीक फेकून न देता पाजणे, सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, गुटी वा पाणीसुद्धा न देणे, या गोष्टी सांगावयास आणि आग्रहाने पाळावयास जवळचे माणूस लागते. आळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेपा-ओवा अवश्य असावा. परंतु बंद खोलीतील शेगडीचा धूर आई आणि बाळ दोघांनाही अपायकारक आहे, हे सांगण्याचे धैर्यही तिच्यापाशी हवे.

गडचिरोलीचा दाखला

एखाद्या साध्या बाईने घरी येऊन पाहिल्याने एवढे काय साधणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल. तिचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले आहे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रिया निवडल्या आणि त्यांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्यांनी बाळंतपणास दाईसोबत हजर राहावे, पुढचे 28 दिवस ठराविक दिवशी घरी जावे, बाळाचे वजन व ताप पाहावा, त्याला ऊब कशी द्यावी हे आईस शिकवावे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच उपचार करावेत, अशी योजना होती. 1993 ते 1995 या काळात तेथे जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 62 पहिल्या महिन्यातच दगावत होती. 1997-98 मध्ये ही संख्या 25.5 वर आली. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हते, तेथे मृत्यू जवळपास तेवढेच राहिले. हे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे 2011 पासून देशभरातील ‘आशा’ कार्यकर्तींच्या कामात नवजात बाळासाठीच्या गृहभेटी आल्या. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावी, असा नियम आहे.

आरोग्यदूताचे काम सोबतिणीहून पुष्कळ अधिक, हे खरे. पण दोघींच्या कामाचे मूळ एकच : उंबरा ओलांडून आत येणे, पुन्हा पुन्हा येणे आणि नीट पाहणे.

सव्वा महिन्याची दक्षता

म्हणून या काळात काही लक्षणे घरातील प्रत्येकास ठाऊक असावीत. बाळंतिणीचे कपडे भराभर रक्ताने भिजणे, ताप, झटके, दुर्गंधियुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी व अंधुक दिसणे. बाळाने दूध ओढणे सोडणे, अंग गार पडणे, श्वास भराभर चालणे वा छाती आत ओढली जाणे : यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आणि तिच्या मनाकडेही पाहा. पहिल्या काही दिवसांत डोळे उगाच भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवडे उलटूनही ती उदास असेल, बाळ झोपले तरी तिला झोप येत नसेल, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले असेल, तर ‘नाटक करते’ असे म्हणू नका. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलून दाखवू लागली, तर दोन आठवडे थांबू नका. तिला एकटी न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

बजबजच्या लेकीसाठी

आता पुन्हा हुगळीच्या काठी जाऊ. लेकीसाठी आपणास करता येण्याजोगे बरेच आहे. 2016 साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीस मान्यता दिली. स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातील स्त्री असावी, अशी अपेक्षा. आडोशाची सोय असेल तेथे पतीसही थांबता येते. तिला संसर्गजन्य रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबण्याची तयारी असावी आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी. तेव्हा नाव घातलेल्या रुग्णालयात जावयांनी आताच चौकशी करावी. कळा सुरू झाल्यावर दाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

नात्यातले कोणी नसेल तर शेजारच्या एखाद्या बंगाली काकीमांशी लेकीने आतापासूनच जिव्हाळा जोडावा आणि त्यांना सोबत येता येईल का, हेही रुग्णालयास विचारून ठेवावे. भाषा अडेल, ही भीती नको. कमरेवर दाबलेल्या तळव्याला भाषा लागत नाही. वस्तीतील आशा कार्यकर्तीची ओळख करून घ्यावी. जावयांना स्वयंपाकाचे चार पदार्थ आणि बाळाचे दुपटे बदलणे आपण दूरध्वनीवरून शिकवावे; त्यात कमीपणा नाही.

आणि वाचकहो, आपल्या स्वतःच्या गल्लीतही पाहा. दूरदेशीहून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबातील एखादी सून तेथेही दिवस मोजीत असेल. तिची आई बजबजला असेल, आणि तिलाही रात्री झोप लागत नसेल. उद्या सकाळी त्या घराची कडी वाजवा.