अर्ध्या शटरची बातमी

महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी 23 नोव्हेंबर 2024 रोजी सकाळी 8 वाजता सुरू झाली, तेव्हा न्यू यॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजले होते. शुक्रवारची रात्र, दुसऱ्या दिवशी सुट्टी. तिकडे शिकायला किंवा कंपनीतर्फे ऑनसाइट गेलेल्या मराठी माणसाला फेरीफेरीचे आकडे साताऱ्यातल्या भावाच्याही आधी कळू शकत होते. भाऊ कदाचित आंघोळीला गेला असेल. दोनचार वर्षांसाठी परदेशी राहणाऱ्याला गावाकडच्या घडामोडी आता उशिरा कळत नाहीत, तरीही त्याच्या मनातले गावाचे चित्र बऱ्याचदा चुकते. माझे म्हणणे असे, की या चुकण्याचा बातमीच्या वेगाशी फारसा संबंध नाही. नेहमीपेक्षा वेगळे काही घडले तरच त्याची बातमी होते. घरी राहणाऱ्याला तिच्याबरोबर नेहमीचेही दिसत असते: ‘बंद’च्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानाचे शटर अर्धे वर आहे, दूध आले, रिक्षा मिळाली. एवढ्यावरून तो बातमीचे वजन जोखतो. परदेशातल्याला शटर दिसत नाही. जुलैत मुंबई तुंबल्याची दृश्ये पाहून तो घाबऱ्याघाबऱ्या फोन करतो आणि डोंबिवलीतून आई म्हणते, ‘अरे, आमच्याकडे कधीचं उघडलंय!’ उलटही घडते. दोन महिने टँकरच्या पाण्यावर काढणारे गाव बातमीत आले नाही, तर त्याच्या लेखी तिथे सगळे आलबेल असते.

वेगाने हे दुखणे बरे होत नाही, हे लोकमान्य टिळकांच्या लंडनमधल्या मुक्कामाकडे पाहिले की कळते. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकारावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी ते 1918च्या ऑक्टोबरअखेर तिथे पोचले. फेब्रुवारी 1919मध्ये दावा हरले, पण मुंबईला परतले ते नोव्हेंबरच्या शेवटी. मधल्या काळात रौलट कायदा झाला, गांधीजींच्या हाकेवरून 6 एप्रिलला हरताळ पडला आणि 13 एप्रिलला जालियनवाला बागेत गोळ्या चालल्या. मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने 1870 सालीच जोडली गेली होती; बातमीला आगबोटीवर अवलंबून राहण्याचे कारण नव्हते. पण पंजाबात लष्करी कायदा होता, वर्तमानपत्रांवर पहारा होता, आणि तारेत जेवढे घालाल तेवढेच ती पलीकडे पोचवते. ब्रिटिश वाचकांपुढे हत्याकांडाचा भीषण तपशील ठळकपणे आला तो डिसेंबरात, गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या डायरने चौकशीच्या हंटर समितीपुढे साक्ष दिल्यावर. खुद्द भारतमंत्री मॉन्टेग्यू यांनी पार्लमेंटात सांगितले, की तपशील आपल्याला वर्तमानपत्रांतून कळला. (पंजाबचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर यांना हे मान्य नव्हते, तो वाद निराळा.) गंमत अशी, की ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन डोईजड झाले म्हणून सरकारने त्यांना एप्रिलातच हद्दपार केले, आणि बोटीत बसवून पाठवले ते इंग्लंडलाच! इथल्या दडपशाहीविषयी तिथे बोलू शकेल असा साक्षीदार सरकारनेच धाडला.

यावर कुणी म्हणेल, लांबूनच तर नीट दिसते. आपल्याकडचे कितीतरी मोठे विचार परदेशात बसून लिहिले गेले. ते खरेच आहे. दादाभाई नौरोजींचे आयुष्य मोठ्या प्रमाणात इंग्लंडमध्ये गेले, आणि हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न 20 रुपये असल्याचे गणित मांडून त्यांनी देशातली संपत्ती कशी बाहेर वाहून जाते ते दाखवले. डॉ. आंबेडकरांनी 1920 ते 1923 या काळात लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिला. पण या दोघांच्या टेबलावर काय होते ते पाहावे: सरकारी अहवाल, आयातनिर्यातीचे आकडे, चलनविषयक समित्यांची दप्तरे. हा मजकूर जिथे वाचाल तिथे सारखाच असतो. लंडनच्या ग्रंथालयांत तर तो इथल्यापेक्षा जास्त मिळे. सावकाश सरकणारी गोष्ट दुरून चांगली दिसते, रोज बदलणारी दिसत नाही. आंबेडकरांचेच दुसरे उदाहरण घ्या. 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले, त्याच वर्षी ते लंडनला गेले, आणि काही वर्षांतच ते पाक्षिक बंद पडले. कारणे अनेक होती, पैशाची चणचण त्यांतले मोठे. तरीही एकाच माणसाचा, एकाच काळातला, एक ग्रंथ तिथे पुरा होतो आणि इथल्या माणसांत रोज राबून चालवायचे पत्र टिकत नाही, यात मला योगायोगापेक्षा जास्त काही दिसते. टिळकांचेही तसेच. पंजाबात काय पेटले होते ते तिथून त्यांच्या आवाक्याबाहेर होते, पण हिंदुस्थानच्या राज्यकारभारातील सुधारणांच्या विधेयकावर पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्या कामासाठी लंडन हीच योग्य जागा होती.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने दुरून चालवलेल्या राष्ट्रवादावर बोट ठेवले: परदेशातला माणूस मायदेशातल्या भांडणात तेल ओततो आणि परिणाम भोगायला तिथे नसतो. कायमचे स्थायिक झालेल्यांबाबत हे बऱ्याच अंशी पटते. परतणाऱ्याला मात्र आज जे पेटेल त्याच्या धुरात उद्या राहायचे असते, आणि 2010 साली निवडणूक कायद्यात बदल होऊन अशा नागरिकाला मतदार म्हणून नोंदवण्याची सोय झाली. अट एकच, मत द्यायला स्वतः केंद्रावर यायचे, पासपोर्ट घेऊन. 2024च्या लोकसभा निवडणुकीत देशभर असे 1,19,374 मतदार नोंदलेले होते; आले 2,958, त्यांतले 2,670 एकट्या केरळात. महाराष्ट्रात 5,097 पैकी 17. ज्यांनी निकाल मिनिटामिनिटाला पाहिला असेल, त्यांच्या मानाने हा आकडा हसू आणणारा आहे. पण हजारो रुपयांचे तिकीट काढून बोटाला शाई लावून घ्यायला कोण येणार? आपल्या वतीने दुसऱ्या कुणाला मत देता यावे, असे विधेयक लोकसभेने 2018मध्ये मंजूर केले होते. राज्यसभेत ते चर्चेला आलेच नाही आणि 2019मध्ये बारगळले. प्रतिनिधी दिलेला शब्द पाळेलच कशावरून, ही त्यावरची मुख्य शंका, आणि ती रास्त होती. तरी ते व्हायला हवे होते असे मला वाटते. आपले मत साताऱ्यातल्या भावाच्या हाती देण्याआधी, गावात सध्या काय चाललंय, हे त्याला विचारावे तरी लागले असते.