टँकरपासून उंबऱ्यापर्यंत

लातूरच्या मार्केट यार्डाभोवतीच्या कष्टकरी गल्ल्यांत 2016 च्या उन्हाळ्याची आठवण निघते ती बॅरलपासून. दारापुढे निळे बॅरल, झाकणाला साखळी, साखळीला कुलूप. पोती वाहणारे हमाल, डाळ मिलमध्ये रोजाने जाणाऱ्या बाया, रिक्षावाले यांची ही घरे एक-दोन खोल्यांची. गच्चीवर टाकी नाही, अंगणात बोअर नाही. शहरात बोअरही आटत होते, पण ज्याच्या हाती पैसा होता त्याला खासगी टँकर मागवता येत होता. दुष्काळ साऱ्या लातूरवर आला. नंबर लावून उभे राहण्याची पाळी मात्र या गल्ल्यांवर आली.

शहराला पाणी देणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यात धनेगावला आहे. ते कोरडे पडले आणि नळ बंद झाले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 144 लावून जमावबंदी केली. 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून रेल्वेची पहिली पाणीगाडी आली: दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, अंतर साधारण 340 किलोमीटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. हे पाणी आधी विहिरीत उतरवायचे, मग शुद्ध करायचे आणि टँकरमध्ये भरायचे, असा क्रम होता.

त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले. टँकरपासून उंबऱ्यापर्यंतच्या शेवटच्या शंभर पावलांचे फोटो फारसे कुणी काढले नाहीत, आणि खरे कष्ट तिथेच होते.

गल्ली अरुंद असली की टँकर तोंडाशीच थांबे. “टँकर आला!” अशी आरोळी उठली की लेकरे पाटी-दप्तर टाकून पळत. थोरला पोरगा टँकरवर चढे, बाया बॅरल ओळीने लावत. सगळ्यांत जोखमीचे काम नळीच्या तोंडाचे, आणि ते बहुधा दहा-बारा वर्षांच्या पोरीकडे येई. एक बॅरल भरले की नळी दुमडायची, दोन्ही हातांनी गच्च आवळायची आणि तशीच पुढच्या बॅरलकडे धावायचे. पकड सुटली तर कुणाच्या तरी वाट्याची घागर मातीत जाई. “बास कर गं माय, सांडंल!” असा ओरडा चहूबाजूंनी होई. तळव्यांना रबराचा वास लागे. एवढ्याशा हातांवर सगळ्या गल्लीचा विश्वास असे. ही अभिमानाची गोष्ट होती आणि अन्यायाचीही.

एका घराला दोनशे लिटर, हा आकडा सगळ्यांच्या तोंडी. दोनशे लिटर म्हणजे एक बॅरल. पाच माणसांच्या घरात ते आठ दिवस पुरवायचे, तर माणशी दिवसाला पाच लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी मानक माणशी 135 लिटरचे आहे. या पाच लिटरांत पिणे, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, सारे. पिण्याचे पाणी फडक्याने गाळून वेगळ्या घागरीत. अंघोळ घमेल्यात बसून, म्हणजे खाली साचलेले पाणी फरशीला आणि शेवटी संडासाला वापरता येई. ताटे राखेने घासून पुसली जात. पाहुणा आला की आनंदाआधी हिशोब सुरू होई.

टँकरची वेळ ठरलेली नसे. आईने वाट पाहत थांबायचे तर रोजाचा खाडा, कामावर जायचे तर पाणी हुकणार. त्यावर गल्लीने आपली रीत बसवली. जी घरी आहे तिने कामावर गेलेल्या शेजारणीचे बॅरल ओळीत लावायचे. बाळंतीण आणि एकटी म्हातारी यांचे आधी भरायचे. भांडणे झाली, हंडे आपटले, अबोलेही झाले. तरी ही रीत टिकली. कोणत्याही सरकारी आदेशाविना ती टिकली, हे या गल्ल्यांचे मोठे कर्तृत्व आहे.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पाणीगाडी बंद झाली आणि पुढे मांजराही भरले. नळाला रोजचे पाणी मात्र तेव्हाही आले नाही. बॅरल दारातच राहिले.

नळी धरणाऱ्या त्या पोरी आज विशीत आहेत. रेल्वेच्या लिटरांचा हिशोब कागदावर आहे, त्यांच्या श्रमाचा नाही. लातूरच्या शाळा-महाविद्यालयांनी त्यांच्या आणि त्यांच्या आयांच्या आठवणी नावानिशी लिहून घ्याव्यात.